बीएससीला गेल्यावर नेमकं काय होतं?

निकाल लागले की या सदराकडे पत्रं सुरू होतात आणि दरवर्षी त्यात बीएससीवाल्यांची गर्दी असतेच, म्हणून यावेळी फक्त तीच पत्रं घेतलीत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, काहींनी तसं सांगितलं होतं, मग बाकीच्यांचीही कशाला. मी स्वतः बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवलीये त्यामुळे उत्तरं जरा तिकडे झुकणार, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, मी केज तालुक्यातली. लातूरला राहून दोनदा मेडिकलची नीट दिली, नंबर लागला नाही. आता बीएससीला ऍडमिशन घेतलंय, केमिस्ट्री मेजर. घरचे काही बोलत नाहीत पण पाहुणे आले की "नुसतं बीएससी का?" असं विचारतात. मला एवढंच सांगा की तिथे रोज काय असतं, अवघड असतं का, आणि नीटचा केलेला अभ्यास वाया गेला का?

उत्तर: पाहुण्यांना चहा द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचं, त्यांचं उत्तर मी देणार नाहीये.

वाया काहीच जात नाही, पण एक गंमत होते ती आधीच सांगते. पहिल्या सेमिस्टरला तुला वाटेल हे तर सगळं मला येतं. अणूची रचना, बाँडिंग, मोल, सगळं ओळखीचं. नीट दिलेली मुलं इथेच निवांत होतात आणि दुसऱ्या तिसऱ्या सेमला पाय घसरतो. कारण तुझी सवय आहे १८० मिनिटांत १८० प्रश्न, चारातला एक गोल काळा करायचा आणि पुढे जायचं. इथे पेपरात येतं, अमुक रिऍक्शनची मेकॅनिझम लिहा, कार्बोकॅटायन का टिकतो ते सांगा, त्यावर प्रॉडक्टमध्ये काय फरक पडतो ते सांगा. उत्तर माहीत असणं आणि पानभर सलग लिहून दाखवणं यात खूप अंतर आहे. पहिल्या महिन्यापासून आठवड्याला दोन तरी प्रश्न हाताने लिहून बघ, घड्याळ लावून.

दुसरी गोष्ट जी बी ग्रुपच्या मुलींना कोणी सांगतच नाही. तू अकरावीला मॅथ्स सोडलं असशील. फिजिकल केमिस्ट्रीत ते परत समोर येऊन उभं राहतं. काइनेटिक्समध्ये फर्स्ट ऑर्डरचं समीकरण काढायचं म्हणजे इंटिग्रेशन, थर्मोडायनॅमिक्समध्ये पार्शल डेरिव्हेटिव्ह, क्वांटमला तर विचारूच नको, ज्या ऑर्बिटलचे आकार तू पाठ केलेस ते आकार येतात कुठून हे तिथे समीकरणातून काढतात. घाबरू नकोस, फार लागत नाही. लॉगॅरिदम, डेरिव्हेटिव्ह, साधी इंटिग्रेशन्स एवढं पुरतं. बालभारतीच्या साइटवर अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं फुकट आहेत, ऍडमिशन ते कॉलेज सुरू होईपर्यंतच्या रिकाम्या दिवसांत तेवढं करून टाक. बायो तुझं चांगलं असणार, त्याचा फायदा पुढे बायोकेमिस्ट्री आली की दिसेल.

आता रोजचं. टाइमटेबलवर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यवसाय कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) असली नुसती अक्षरं दिसतील आणि पहिले पंधरा दिवस कोणालाच काही कळत नाही, सरांना पण, त्यामुळे लाजू नकोस, विचार. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या फॅकल्टीतलं घ्यावं लागतं म्हणजे आर्ट्स नाहीतर कॉमर्सकडचं. क्रेडिटचं गणित सोपं आहे, थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल असलं तर ६० तास, आठवड्याला चार तास उभं राहून. हो, उभंच राहून, चप्पल नाही, बंद शूज घाल. ऍप्रन कॉटनचा घे. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं की काळे डाग पडतात आणि काही दिवस जात नाहीत, घरी मेंदी विस्कटली का विचारतील.

आणि एक खरं सांगते. वर्गात अर्धे बाक रिकामे दिसतील. कोणी परत नीट देतंय, कोणी पोलिस भरतीची तयारी करतंय, कोणी एमपीएससीच्या लायब्ररीत बसलंय, बीएससी त्यांनी "डिग्री हातात असावी" म्हणून घेतलीये. त्यांचं त्यांना लखलाभ. पण ते वातावरण अंगाला लागतं, दोन महिन्यांत तुलाही वाटायला लागेल की लेक्चरला जाऊन काय होतंय. लातूरला दर रविवारी टेस्ट होती, रँक लागत होती, कोणीतरी सतत मागे होतं. इथे मागे कोणी नाही. तू आलीस काय न आलीस काय, अटेंडन्सची यादी लागेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. पहिलं वर्ष ज्यांचं बिघडतं त्यांचं बहुतेक यामुळेच बिघडतं, विषय अवघड म्हणून फार कमी जणांचं. याची चांगली बाजू अशी की जी चार-पाच मुलं खरंच शिकायला येतात त्यांना सरांचा, लॅबचा, लायब्ररीचा सगळा वेळ मिळतो. लॅब असिस्टंट काकांशी ओळख करून घे, ब्युरेट कुठली गळते आणि कुठला बॅलन्स नीट चालतो हे त्यांच्याइतकं प्रोफेसरांनाही माहीत नसतं.

प्रश्न: मॅडम, मी एसटीत कंडक्टर आहे, राहणार पाटण. मुलाला बारावी सायन्सला ७१ टक्के. बीएससी आता चार वर्षांची झाली असं ऐकतो, म्हणजे एक वर्षाचा खर्च वाढला. आणि मधेच सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं म्हणतात, त्यावर नोकरी लागते का?

उत्तर: भाऊ, तुमचा मुलगा तीन वर्षांनी बाहेर पडू शकतो आणि ती पूर्ण डिग्रीच असते. एमपीएससी, यूपीएससी, बँक, जिथे जिथे "कोणत्याही शाखेचा पदवीधर" लिहिलेलं असतं तिथे तीन वर्षांची चालते. चौथं वर्ष ऑनर्सचं, ते घ्यायचं की नाही हे तिसऱ्या वर्षाला ठरवता येतं, आज ठरवायची गरज नाही.

खर्चाचं म्हणाल तर असं बघा. तीन वर्षांची डिग्री केली तर एमएससी दोन वर्षांची. चार वर्षांची केली तर एमएससी एक वर्षाची. दोन्हीकडून बेरीज पाचच. फरक कुठे पडतो तर ज्याला पुढे संशोधन करायचंय त्याला. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च करता येतं, त्यात स्वतःचा संशोधन प्रोजेक्ट असतो आणि चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असले तर एमएससी न करताही पीएचडीला अर्ज करता येतो. पण चौथं वर्ष घेण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या, आपल्या कॉलेजात ते खरंच चालू आहे का, आणि एक वर्षाची एमएससी जवळच्या विद्यापीठात सुरू झालीये का. कागदावर असणं वेगळं.

मधेच सोडल्यावरचं सर्टिफिकेट, म्हणजे एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा. त्यासाठी वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्सही करावा लागतो. स्पष्ट सांगते, त्याच्या भरवशावर नोकरीचा हिशोब मांडू नका. त्याचा उपयोग एवढाच की घरी काही अडचण आली, आजारपण आलं, तर केलेले क्रेडिट बुडत नाहीत, तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढे चालू करता येतं. त्यासाठी मुलाचं अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि क्रेडिट बँकेचं, म्हणजे मिळवलेले क्रेडिट ऑनलाइन जमा राहतात ते, खातं नीट झालंय ना ते बघा, आणि आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव एकच आहे ना हे पण, कारण गाडी अडते ती तिथेच.

फीपेक्षा कऱ्हाड-साताऱ्याला खोली आणि मेसचा खर्च जास्त येतो हे तुम्हाला माहीतच असेल. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या साइटवरचे, फॉर्म सुटले की पहिल्या आठवड्यात भरा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा असेल तर तो, नॉन-क्रीमीलेयर लागत असेल तर ते, सगळं आत्ताच तहसीलला टाकून ठेवा. आणि मुलगा बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आला असता तर केंद्र सरकारची इन्स्पायर ही वर्षाला ८० हजारांची स्कॉलरशिप होती, ७१ ला ती नाही बसत, पण तुमच्या ओळखीत कोणी त्या एक टक्क्यात असेल आणि ते बेसिक सायन्सला जात असतील तर त्यांना नक्की सांगा, गावाकडे हे कोणाला माहीत नसतं.

प्रश्न: मॅम, चोपड्याहून लिहितोय. फिजिक्स, फर्स्ट इयर. शाळा मराठी मीडियम. लेक्चरला समजतं पण घरी पुस्तक उघडलं की इंग्रजीत काहीच कळत नाही. मॅथ्सला एटीकेटी लागली. आणि प्रॅक्टिकलला साध्या लंबकावरून g (गुरुत्वीय त्वरण) काढायचा होता, दोरी ५० सेंमी घेतली, उत्तर ९४० आलं. पार्टनर म्हणतो खोडून पुस्तकातलं ९७८ कर नाहीतर सर सही देणार नाहीत. केलं, सही मिळाली. पण मनात राहिलंय.

उत्तर: तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मला फार बरं वाटलं. आधी तेच घेऊ.

पूर्ण महाराष्ट्रात कुठल्याही लॅबमध्ये जा, हेच चालू असतं. केमिस्ट्रीत टायट्रेशनला पायलट रीडिंग १०.४ आणि मग पहिलं दुसरं तिसरं तिन्ही १०.२, सीबीआर (म्हणजे कायम धरायचं ब्युरेट रीडिंग) १०.२, जणू देवाने पाठवलंय. उत्तर आधी माहीत करून घ्यायचं आणि उलटं गणित करत रीडिंग बसवायची. जर्नल सीनियरचं उतरवायचं, त्याने त्याच्या सीनियरचं उतरवलेलं असतं, एखादी चूक पाच-पाच वर्षं वारशाने चालत येते. यात मुलांना किती बोल लावायचा, बरोबर उत्तरालाच सही मिळते हे आम्हीच शिकवलंय.

आता तुझं ९४० बघू. सूत्र काय, g म्हणजे चार पाय (π) वर्ग गुणिले लांबी भागिले T वर्ग. तू लांबी ५० धरलीस. ती ५० कुठून कुठपर्यंत मोजली? माझा अंदाज, क्लॅम्पपासून दोरीच्या गाठीपर्यंत. पण लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, म्हणजे वरचा हुक आणि गोळ्याची त्रिज्या त्यात येते. ती दोन्ही मिळून साधारण २ सेंमी असतात. मग खरी लांबी ५२. आता ९४० ला ५२ ने गुण आणि ५० ने भाग, ९७७.६ येतं! तुझं घड्याळ बरोबर होतं, तुझे झोके बरोबर मोजले होते, फक्त पट्टी दोन सेंमी अलीकडे थांबली. हे सगळं त्या खोडलेल्या आकड्यात लिहिलेलं होतं आणि ९७८ लिहिल्यावर ते पुसलं गेलं.

अजून मजा बघ. एका लांबीवर न थांबता ५०, ६०, ७०, ८०, ९० अशा लांब्या घे आणि T वर्ग विरुद्ध लांबी असा ग्राफ काढ. तुझी २ सेंमीची चूक सगळ्या रीडिंगमध्ये सारखीच आहे, त्यामुळे रेघ सरळच येणार, फक्त ती शून्यातून जाणार नाही, थोडी बाजूला सरकलेली असेल. आणि रेघेचा उतार मात्र तोच राहतो, म्हणजे उतारावरून g काढलास तर चूक असूनही उत्तर ९७८ च्या आसपास येणार. शिवाय रेघ लांबीच्या अक्षाला जिथे कापते तिथून कळतं की चूक किती सेंमीची होती. ग्राफ कशाला काढायचा असतो हे बऱ्याच जणांना टीवायला (तिसऱ्या वर्षाला) पण सांगता येत नाही, तुला फर्स्ट इयरला कळलं.

यापुढे रीडिंग पेनाने लिही, पेन्सिलने नको, आणि तिथल्या तिथे लिही. चुकलं तर एक आडवी रेघ, खाली नवीन. उत्तर दूर आलं तर खाली टक्केवारीत फरक किती तो लिही आणि तुझ्या मते का ते दोन ओळीत. काही सर तरी खोडायला सांगतील, तेव्हा वाद घालू नकोस, सही घे, पण स्वतःच्या रफ वहीत खरं रीडिंग ठेव. एक्स्टर्नल आले आणि व्हायवात "एरर कुठून आली" विचारलं की ज्याने खरं रीडिंग घेतलंय तोच बोलू शकतो, बाकीचे "ह्यूमन एरर सर" म्हणून गप्प.

इंग्रजीचं. तुला अडतंय ते इंग्रजी नसून पुस्तकाची भाषा आहे, आणि ती फार थोड्या शब्दांची असते. एका वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे तुझ्या अहिराणीत नाहीतर मराठीत त्याचा अर्थ, आणि शेजारी एखादी आकृती. दोन धड्यांनंतर तेच तेच शब्द परत यायला लागतात. लेक्चरच्या आदल्या रात्री पुढची चार पानं नुसती नजरेखालून घाल, समजली नाहीत तरी चालेल. पेपरात इंग्रजी साधं ठेव, छोटी वाक्यं, आकृती मोठी, समीकरणाच्या प्रत्येक पायरीला एक ओळ. मॅथ्सची एटीकेटी लगेच पुढच्या संधीला काढ, साचवू नकोस, कारण फिजिक्सचे पुढचे पेपर डिफरन्शियल इक्वेशनवरच उभे आहेत आणि पाया कच्चा ठेवून वर चढलास तर तिसऱ्या सेमला एकदम तीन विषय बसतात.

प्रश्न: महाडजवळ राहतो. टीवाय केमिस्ट्री. घराजवळ एमआयडीसी आहे, मित्र लागलेत, मीही लागू की एमएससी करू?

उत्तर: दोन्ही बरोबर, पण काय निवडतोयस ते माहीत असू दे. बीएससी केमिस्ट्रीवाल्याला महाड, लोटे, तारापूर, कुरकुंभ इकडे प्रामुख्याने दोन दारं, प्रॉडक्शन आणि क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणारी लॅब). प्रॉडक्शनला शिफ्ट, उष्णता, वास, रिऍक्टर. क्यूसीला सॅम्पल येणार आणि तू तपासणार, पीएच मीटर, कार्ल फिशर (पाण्याचा अंश मोजायला), यूव्ही, आणि एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. एचपीएलसी हाताळता येणारा आणि न येणारा यांच्या पगारात फरक पडतो, म्हणून तिसऱ्या वर्षीचं ओजेटी (प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग) कुठल्यातरी कंपनीच्या लॅबमध्येच कर, ओळखीच्या दुकानातून सर्टिफिकेट आणून मोकळा होऊ नकोस. ट्रेनी म्हणून किती महिने ठेवणार आणि काँट्रॅक्टरच्या पेरोलवर की कंपनीच्या, हे सही करण्याआधी विचार. ड्रग इन्स्पेक्टरचं डोक्यात असेल तर ते काढून टाक, त्याला फार्मसी लागते.

दोनेक वर्षं काम करून मग एमएससी करणारे पण असतात आणि त्यांना लॅबमध्ये काय चाललंय ते लवकर कळतं. एमएससी करायचीच तर जॅम या एमएससीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरून बघ. फेब्रुवारीत असते, तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क, त्यातल्या २० प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून टाकायचा. त्यावर आयआयटीत एमएससीला जाता येतं. कोकणातली मुलं ही परीक्षा देतच नाहीत, आपल्यासाठी नाही असं धरून चालतात, का ते मला आजवर कळलेलं नाही. सिलॅबस तुझ्या तीन वर्षांचाच आहे.

प्रश्न: टीव्हीवर बघून फॉरेन्सिकची आवड लागली. बीएससी फॉरेन्सिक करू का? (बारावी, अकोला)

उत्तर: टीव्हीवर रिपोर्ट ब्रेकच्या आधी येतो, खऱ्या लॅबमध्ये सॅम्पल रांगेत पडून असतं आणि तुझं निम्मं काम रजिस्टर भरणं आणि कोर्टात उभं राहून उत्तरं देणं हे असतं. तरी आवड टिकली तर सरकारी फॉरेन्सिक संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. खाजगी ठिकाणी भरमसाट फी भरून करण्यापेक्षा साधी केमिस्ट्री किंवा झूलॉजी नीट करून एमएससीला फॉरेन्सिककडे वळणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, दारं उघडी राहतात.

प्रश्न: मुलगी स्टॅटिस्टिक्स मेजर घ्यायचं म्हणते. कॉलेजात त्या विषयाला फक्त नऊ मुलं आहेत. विषयाला भवितव्य नाही म्हणून मुलं नाहीत का? (एक आई, सांगली)

उत्तर: नाही हो, बारावीनंतर कोणाला हा विषय माहीतच नसतो म्हणून मुलं नाहीत. विमा कंपन्या, बँका, औषधांच्या चाचण्यांचा डेटा, सगळीकडे हीच माणसं लागतात, आणि यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस म्हणून वेगळी परीक्षाच आहे, तिला स्टॅटिस्टिक्स विषय असलेली पदवी चालते. मुलीचं बारावीचं गणित चांगलं आहे ना एवढं बघा, सोबत आर किंवा पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला लावा, कॉलेजात शिकवतील न शिकवतील. आणि नऊ जणांच्या वर्गात दांडी लपत नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा.